उपाशीपोटी

हरगोविंद म्हणाला होता, दीदी, बोलणं मागाहून,
आधी साइलेंसरला हात.
म्हणून नमस्काराच्याही आधी मी वाकले
आणि सबनीसकाकांना वाटलं, पाया पडतेय.
अर्धा आशीर्वाद देऊनही झाला त्यांचा.

साइलेंसर कोमट होता.

कंपूतली गल्ली, सकाळचे नऊ.
गाडी पुसूनपासून उभी, टायरांना काळं पॉलिश,
हँडलला लिंबू-मिरची, तीही ताजी.

मी रोज पहाटे लोकांच्या घरी रक्त घ्यायला जाते.
दौलतगंज, जिन्सी, थेट थाटीपूरपर्यंत,
टेम्पो बदलत, बर्फाचा डबा मांडीवर.
दंडाला पट्टा आवळताना विचारते, काही घेतलंत?
छे, म्हणतात. पाणीसुद्धा नाही.
आणि मिशीला साय.
वाईट नसतात. उद्या परत सुई नको असते, इतकंच.

मी म्हटलं, काका, हिचा चहा झालाय.

ते हरगोविंदकडे बघत म्हणाले
(सगळं त्याच्याकडेच बघून चाललं होतं,
ॲव्हरेज, विमा, एकहाती वापर)
पहाटे किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत नेऊन आणली. शेवटची.

खरं असेल.
'शेवटची' हा शब्द विकणाऱ्याला फार पटकन सापडतो,
हेही खरं असेल.
हरगोविंद माझ्या कानाशी: रोना हो या झूठ, पाँच सौ काटो.

उद्या सहाला येते, म्हटलं.
तोवर हिला काही देऊ नका.

सहाला धुकं असं, की गल्लीला दुसरं टोकच नव्हतं.
सीटवर दंव. काका स्वेटरवर शाल, शालीवर मफलर.
साइलेंसर इतका गार की बोटं चिकटावीत.
काही दिलं नाही, ते म्हणाले,
या वेळी माझ्याकडे बघून.

चाक फिरवलं. एका जागी किंचित लंगडतं.
पुढच्या शॉकअपवर तेलाची ओळ, घामासारखी.
चेसिसचा नंबर अंगठ्यानं घासून मोठ्यानं वाचला,
आरसीशी एकेक आकडा जुळवत,
नळीवरचं नाव पेशंटला विचारून घेते तसा.
मीटर म्हणत होता एक्केचाळीस हजार.
पायाखालचं रबर, पार गुळगुळीत, म्हणत होतं, कुठले.

मधली काही वर्षं मीटरची तार तुटलेली होती, काका म्हणाले.
किती वर्षं?
मंजूची बदली झाली, तेव्हापासून.
मी मंजू कोण ते विचारलं नाही.

चोक ओढला. पहिली किक, काही नाही.
दुसरी, नाही.
तिसरीला काका नकळत पुढं सरकले,
मग थांबले, हात परत शालीत घेतले.
चौथीला खोकली, आणि लागली.

आता धूर बघायचा. निळा निघाला तर रिंगा गेल्या.
पण त्या सकाळी धूर कुठं संपतो, धुकं कुठं लागतं,
कुणी सांगावं?
हरगोविंद डोळे बारीक करून करून हरला.
मी पिशवीतून कापसाचा बोळा काढला,
साइलेंसरच्या तोंडाशी धरला, तीस मोजले.
कापूस करडा झाला.
मध्ये तेलाचा एक ठिपका, मुगाएवढा.

रिपोर्ट काय, काकांनी विचारलं.
आवाज मी ओळखते.
पाकीट हातात घेऊन ते न उघडणाऱ्या माणसांचा.

वयाच्या मानानं ठीक, म्हटलं. थोडं तेल पितेय.
आणि सव्वीसचे तेवीस सांगितले.
ते पंचवीसवर आले. मी तिथंच.
हरगोविंदनं चावीकडे हात नेला,
मी म्हटलं, राहू दे चालू.
तिच्याजवळ जरा ऊब होती.
तिघंही तळवे इंजिनाकडे करून उभे राहिलो,
घासाघीस शेकत शेकत,
साडेतेवीस आणि चोवीसच्या मध्ये कुठंतरी अडकलो
तेव्हा आतून काकूंचा आवाज:
त्या मुलीला चहा चालतो का विचारा.

आता चालेल, म्हटलं.